रेल्स ८ नंतर छोट्या कामांना एकच सर्व्हर पुरेल का? गोव्यातील अनुभव हवेत

मांडवीतीर (पर्वरी)

गोव्यात रूबी ऑन रेल्सवर (रूबी भाषेत वेब ॲप बांधण्याच्या चौकटीवर) काम करणाऱ्यांची संख्या फार मोठी नाही, आणि आपल्या वाट्याला येणारी कामे बऱ्याच अंशी एकाच मापाची असतात. पंधरा-वीस खोल्यांच्या हॉटेलाचे आरक्षण, पतसंस्थेची ठेवखाती, देवस्थानाच्या देणगी-पावत्या आणि जत्रेच्या दिवसांतील सेवांची नोंदणी, वाचनालयाची देवघेव अशी ही कामे. वापरणारे काही शे, डेटाबेसचा आकार थोडक्या जीबींचा, ग्राहकाची मासिक खर्चाची तयारी बेताची आणि देखभालीला बहुधा एकच माणूस. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेल्स ८.० ने आणि ऑक्टोबर २०२५ मधील ८.१ ने अशा कामांचा हिशेब पुष्कळ बदलला आहे, असे माझे मत झाले आहे. त्यावर इथल्या जाणत्यांनी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

आतापर्यंत अगदी लहान ॲप जरी सर्व्हरवर चढवायचे म्हटले, तरी प्यूमा या ॲप-सर्व्हरच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, बॅकग्राउंड जॉबसाठी (मागे चालणाऱ्या कामांसाठी) साइडकिक, त्या साइडकिकसाठी आणि कॅशसाठी (पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवण्यासाठी) रेडिस हा स्मृतीत चालणारा डेटाबेस, जावास्क्रिप्टची बांधणी करण्यासाठी नोड, आणि या सगळ्यांच्या आवृत्त्या जुळवत बसण्याचे काम, एवढा पसारा मांडावा लागत असे. रेल्स ८ मध्ये सॉलिड क्यू, सॉलिड कॅश आणि सॉलिड केबल हे तीन जेम (रूबीची तयार पॅकेजे) नव्या ॲपमध्ये मुळातच येतात आणि जॉबची रांग, कॅश व थेट संदेश ही तिन्ही कामे साध्या डेटाबेसवर भागवतात, त्यामुळे रेडिस ठेवण्याचे कारण उरत नाही. जावास्क्रिप्ट व स्टाइलच्या फायली बांधणीशिवाय पुरवणाऱ्या प्रॉपशाफ्ट आणि इम्पोर्ट मॅप यांमुळे नोडही बहुतेक ठिकाणी लागत नाही. थ्रस्टर हा छोटा प्रॉक्सी प्यूमाच्या पुढे बसून कॉम्प्रेशन, एचटीटीपी २ आणि स्थिर फायलींची कॅश सांभाळतो. डिप्लॉयसाठी, म्हणजे ॲप सर्व्हरवर चढवण्यासाठी, कमल २ आहे, जो एसएसएचने (सुरक्षित दूरजोडणीने) सर्व्हरवर जातो, डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या बंदिस्त पेटीत चालवणारे साधन) नसेल तर बसवतो, लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र आपणहून मिळवतो आणि चालू ॲप बंद न करता नवी आवृत्ती पुढे आणतो. ८.१ पासून तर डॉकर इमेज ठेवण्यासाठी बाहेरच्या साठ्याचे (रजिस्ट्रीचे) खातेही लागत नाही.

हे सगळे केवळ लहान कामांपुरते आहे असे कोणी म्हणू नये. रेल्स ८ च्या घोषणेतच दिले आहे की ‘हे’ (HEY) या ईमेल सेवेत सॉलिड क्यू दिवसाला दोन कोटी जॉब चालवते, आणि बेसकॅम्प या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या ॲपमध्ये सॉलिड कॅश १० टेराबाइट डेटा ६० दिवसांच्या मुदतीने सांभाळते. त्या तुलनेत आपल्या हॉटेलाच्या आरक्षणांचा भार नगण्य आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की आपल्या मापाच्या कामाला एक बऱ्यापैकी सर्व्हर, त्यावर रेल्स ८ आणि तिथेच डेटाबेस एवढे पुरेसे आहे, आणि वाचलेला वेळ व पैसा बॅकअप आणि वेळेवर अपग्रेड या दोन गोष्टींवर खर्च करायला हवा, कारण एकाच सर्व्हरवर सगळे आले की या दोन्हींची जबाबदारी पूर्णपणे आपली होते. एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) प्रत्यक्ष ग्राहकाच्या कामात कोणी वापरत असल्यास त्यांचे अनुभव विशेष हवे आहेत.


दूधसागर (सांगे)

मांडवीतीर, मांडणी पटली, पण साइडकिक चालू असलेल्या जुन्या कामांतून ते घाईने काढू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. साइडकिक आणि रेडिस ही जोडी वर्षानुवर्षे तावून सुलाखून निघालेली आहे. मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलला तेव्हा पुष्कळ जण अस्वस्थ झाले, परंतु त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली रेडिसच्या जुन्या मुक्त कोडवरून व्हॅल्की उभे राहिले आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ पुन्हा एजीपीएल या मुक्त परवान्याखालीही मिळू लागले, त्यामुळे केवळ परवान्याच्या भीतीने स्थलांतर करण्याचे कारण आता राहिलेले नाही.

नव्या कामात मात्र सॉलिड क्यूच घ्यावे. एक बारकावा ध्यानात ठेवावा. रेल्स ८ च्या नव्या ॲपमध्ये रांगेचा डेटाबेस मुख्य डेटाबेसपासून वेगळा ठेवलेला असतो. आरक्षणाची नोंद करणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र पक्के करणाऱ्या व्यवहाराच्या) आतूनच पुष्टीचा ईमेल पाठवणारा जॉब रांगेत घातला, तर मुख्य डेटाबेसमधील ट्रान्झॅक्शन पूर्ण होण्याआधीच तो जॉब उचलला जाऊ शकतो आणि त्याला आरक्षण सापडतच नाही. जॉब चालवणाऱ्या कामगार प्रक्रिया मूळ मांडणीत दर ०.१ सेकंदाला रांग तपासतात, म्हणून हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्यावरच जॉब रांगेत जावा अशी सोय रेल्सच्या ॲक्टिव्ह जॉब या भागात आहे. ती त्या जॉबपुरती चालू करून ठेवावी.

८.१ मधील जॉब कंटिन्युएशन ही मला त्या आवृत्तीतील सर्वांत मोलाची भर वाटते. लांबलचक जॉबचे टप्पे पाडता येतात आणि मध्येच प्रक्रिया थांबवावी लागली तर जॉब पुन्हा पहिल्यापासून सुरू न होता जिथे थांबला तिथून पुढे जातो. कमल डिप्लॉय करताना जुन्या कंटेनरला आवरते घेण्यासाठी मूळ मांडणीत ३० सेकंदच देतो. पतसंस्थेच्या सर्व सभासदांना व्याजाची विवरणपत्रे पाठवणारा जॉब एवढ्या वेळात संपत नाही, आणि तो पहिल्यापासून सुरू झाला तर निम्म्या सभासदांना तेच पत्र दोनदा जाते.


अबोली (फोंडा)

मांडवीतीर सर, दूधसागर सर, नमस्कार. मी फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. इंटर्नशिपमध्ये माझ्याकडे रेल्स ५.२ वरचे एक चालू ॲप आले आहे, ते रूबी २.६ वर चालते आणि त्यात जीएसटीची बिले तयार होतात. मला ते रेल्स ८ पर्यंत न्यायचे आहे. थेट नव्या आवृत्तीवर उडी मारून जे तुटेल ते दुरुस्त करावे, की नवे ॲप काढून त्यात जुना कोड थोडा थोडा आणावा, याविषयी मार्गदर्शन मिळाले तर उपकार होतील.


सुरंगी (म्हापसा)

अबोली, यांपैकी दोन्ही मार्ग टाळ. चालू असलेले ॲप प्रत्येक पायरीवर चालूच राहिले पाहिजे, ही अट पहिल्या दिवसापासून पाळलीस तर काम लांबले तरी अडत नाही. रेल्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही एका वेळी एकच आवृत्ती चढावी असे सांगितले आहे, म्हणजे ५.२ वरून ६.०, मग ६.१, ७.०, ७.१, ७.२, ८.० आणि शेवटी ८.१. प्रत्येक पायरीवर रेल्सची अपडेट आज्ञा चालवायची, ती सुचवते ते बदल डोळ्यांखालून घालायचे, नव्या मूळ मांडणींची जी फाइल ती तयार करते त्यातील एकेक ओळ उघडत टेस्ट चालवायच्या, आणि सगळ्या ओळी उघडून झाल्या की मगच त्या आवृत्तीच्या मूळ मांडणी पूर्णपणे लागू करायच्या. ही फाइल तशीच पडू देऊन पुढच्या आवृत्तीवर जाणारे फार दिसतात आणि तीन पायऱ्यांनंतर नेमका दोष कुठे शिरला ते कोणालाच सांगता येत नाही.

रूबीची आवृत्ती रेल्सच्या बरोबरीने कुठे बदलायची हे आधी ठरवून ठेव. रेल्स ७.० ला किमान रूबी २.७ लागते, ७.२ ला ३.१ आणि ८.० ला ३.२. म्हणून आधी रूबी २.७ वर ये आणि तिथे थांबून रेल्स ६.१ गाठ. २.७ ची पायरी चुकवू नये असे मी मुद्दाम सांगते, कारण रूबी ३.० मध्ये कीवर्ड आर्ग्युमेंट (नावाने दिलेली मूल्ये) आणि साधे हॅश (नाव-मूल्यांच्या जोड्या) यांची फारकत झाली आणि ज्या ज्या जागी त्यामुळे कोड तुटणार आहे तिथे २.७ आधी सूचना देते. २.७.२ पासून या सूचना मुळात बंद असतात, त्या आज्ञेतील पर्याय देऊन चालू कराव्या लागतात. पुष्कळांना सूचना दिसतच नाहीत आणि सारे ठीक आहे अशा समजुतीने ते ३.० वर जातात.

दुसरी अवघड जागा म्हणजे झाइटवर्क, कोडच्या फायली आपोआप लोड करणारा नवा ऑटोलोडर. जुना ऑटोलोडर रेल्स ७.० मध्ये काढून टाकला गेला, त्यामुळे ६.० किंवा ६.१ वर असतानाच झाइटवर्कवर येऊन त्याची तपासणी आज्ञा चालवून घ्यावी. तुझ्याकडे जीएसटीची बिले आहेत, म्हणजे कोडमध्ये जीएसटी ही तीनही अक्षरे कॅपिटल लिहिलेला क्लास असण्याची शक्यता दाट आहे. झाइटवर्क फाइलच्या नावावरून क्लासचे नाव काढते, आणि त्याला फक्त पहिले अक्षर कॅपिटल असलेले नाव अपेक्षित असते. शब्दरूपांचे नियम असलेल्या इन्फ्लेक्शनच्या फाइलमध्ये जीएसटी हे आद्याक्षरी रूप म्हणून एका ओळीत नोंदवले की प्रश्न सुटतो. हीच गोष्ट पॅन, यूपीआय, एसएमएस यांनाही लागू आहे.

त्यानंतरचे टप्पे तुलनेने सोपे आहेत. वेबपॅकर (जावास्क्रिप्ट बांधणारा जुना जेम) असेल तर ७.० च्या आसपास ते काढ, कारण जानेवारी २०२२ पासून ते निवृत्त आहे. गुप्त किल्ल्या ठेवण्याची सीक्रेट्स ही जुनी सोय ७.२ मध्ये गेली, ती त्याआधी क्रेडेन्शियल्समध्ये हलव. रूबी ३.४ वर जाताना सीएसव्ही, बिगडेसिमल, बेस६४ अशा काही लायब्ररी जेमफाइलमध्ये (ॲपच्या जेमांच्या यादीत) स्वतः नोंदवाव्या लागतात. हिशेबाच्या ॲपमधून सीएसव्ही निर्यात हमखास होते, म्हणून हे लिहून ठेव.

एवढ्या श्रमाचे फळ काय, हेही सांगते. रेल्स ७.२ पासून रूबी ३.३ किंवा त्यापुढील आवृत्तीवर वायजेआयटी (रूबीचा कोड चालता चालता यंत्रभाषेत बदलून वेग वाढवणारी सोय) आपोआप चालू होते आणि त्याने प्रतिसादाचा वेळ १५ ते २५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो असे रेल्सच्याच निवेदनात म्हटले आहे. कोडची एक ओळही न बदलता हा लाभ मिळतो.


मांडवीतीर (पर्वरी)

सुरंगीताईंच्या या प्रतिसादाची खूण करून ठेवावी असे सर्वांना सुचवतो. त्यात एवढीच भर घालतो की रेल्सच्या सध्याच्या धोरणानुसार प्रत्येक आवृत्तीला दोषदुरुस्ती एक वर्ष आणि सुरक्षा-दुरुस्ती दोन वर्षे मिळते. रेल्स ७.० ची मुदत एप्रिल २०२५ मध्येच संपली. ग्राहकाशी देखभालीचा करार करताना वर्षातून एक आवृत्ती चढण्याचे काम त्यात स्वतंत्र कलम म्हणून लिहावे, नाहीतर ते काम कोणाच्याच खात्यात राहत नाही.


खाजन (दिवाडी)

वरील सर्व चर्चा वाचली. एसक्यूलाइट घ्यावे की पोस्टग्रेस (स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालणारा डेटाबेस), या प्रश्नाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे, जी रेल्सच्या बातम्यांत कुठेही येत नाही. ती बाजू मराठीची आहे. ज्या ॲपमध्ये गावांची, माणसांची, पुस्तकांची नावे देवनागरीत साठवली जातात त्या प्रत्येक ॲपला हा प्रश्न येतो.

गावांची यादी वर्णक्रमाने लावायची आहे असे समजा. वास्को आणि वाळपई ही दोन नावे घ्या. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून वास्को आधी आणि वाळपई नंतर आले पाहिजे. युनिकोडमध्ये (अक्षरांना संगणकात संकेतांक देणाऱ्या पद्धतीत) मात्र ळ ची जागा ल आणि व यांच्या मध्ये आहे. रूबीची साधी सॉर्ट पद्धत आणि एसक्यूलाइटची मूळ तुलना या दोन्ही संकेतांकांच्या क्रमानेच चालतात, म्हणून त्यांच्या यादीत वाळपई वास्कोच्या वर जाते. क्ष आणि ज्ञ यांचेही तसेच आहे, कारण यंत्राच्या लेखी ती क् आणि ज् ने सुरू होणारी जोडाक्षरे आहेत. वाचनालयाच्या ग्रंथसूचीत ज्ञानेश्वरी ज च्या रांगेत सापडली की ग्रंथपाल लगेच फोन करतात, आणि त्यांचे म्हणणे रास्तच असते. पोस्टग्रेस आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीसह बांधलेले असेल तर त्यात मराठीचा वर्णक्रम तयार मिळतो, तो स्तंभाला लावला की यादी आपल्या शाळेत शिकवलेल्या क्रमाने येते. कोंकणीसाठीही तशी सोय त्यात आहे. एसक्यूलाइटमध्ये हे करायचे तर आयसीयूचे विस्तार-पॅकेज वेगळे बसवावे लागते किंवा वर्णक्रमाची किल्ली वेगळ्या स्तंभात साठवावी लागते. म्हणून जिथे मराठी याद्या हाच कामाचा गाभा आहे तिथे मी आजही पोस्टग्रेसच घेतो, आणि ते त्याच एका सर्व्हरवर सुखाने नांदते.

शोधाचेही असेच आहे. रेल्स ८ मध्ये एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शोधतक्त्यांसाठी मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलमध्ये) सोय आली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याचा मूळ शब्दविभाजक अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, आणि मात्रा व हलन्त हे युनिकोडच्या लेखी चिन्हांच्या वर्गात मोडतात. परिणामी मराठी शब्द मात्रेपाशी तुटतात आणि भलतेच निकाल येतात. तक्ता तयार करतानाच विभाजकाच्या वर्गांत चिन्हांचा वर्ग जोडून द्यावा, म्हणजे शब्द अखंड राहतात.

याहून फसवी गोष्ट ऱ्य ची आहे. ‘किनाऱ्यावरचे घर’ हे नाव काही कळफलक नुक्तायुक्त ऱ वापरून लिहितात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, डेटाबेसला ती दोन निराळी नावे वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाणित रूप काढणारी रूबीची पद्धत या दोहोंना एक करत नाही. रेल्स ७.१ पासून मॉडेलमध्ये नॉर्मलाइझ करण्याची घोषणा एका ओळीत करता येते. तिथे आपण होऊन दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करावे, म्हणजे साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी एकच रूप वापरले जाते.

आता काही लहान गोष्टी. वेबपत्त्यासाठी शीर्षकाचे रोमन रूप करणारी पॅरामीटराइझ पद्धत ‘पणजी’ला दिली तर हाती रिकामी ओळ येते. ती ओळ अनन्यतेची अट असलेल्या स्तंभात गेली की दुसरीच मराठी नोंद अडकते. मजकूर तोडणारी ट्रंकेट पद्धत संकेतांक मोजते, त्यामुळे ‘वास्को’चे ‘वास्’ होऊन पाय मोडलेला स शेवटी लटकत राहतो. मोजायचे असेल तर ग्राफीम क्लस्टरने, म्हणजे डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षराने, मोजावे. ‘मडगाव’ची लांबी रूबी पाच सांगते, क्लस्टर चार निघतात. रेल्स ८ च्या नव्या लॉगिन जनरेटरमध्ये पासवर्डला ७२ बाइटची मर्यादा आहे, कारण पासवर्ड गुप्त रूपात बदलणारी बीक्रिप्ट पद्धत त्यापुढचे बघतच नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे मात्रा धरून चोवीस चिन्हे झाली की जागा संपली. फॉर्ममधील चौकट ७२ चिन्हे घेऊ देते आणि मॉडेल मात्र नकार देते, त्यामुळे वापरणाऱ्याला कारण कळत नाही. तिथे मराठीत स्पष्ट संदेश द्यावा.

लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसाठी वेगळा जेम घेण्याची गरज नाही. संख्येत विरामचिन्हे घालणाऱ्या रेल्सच्या हेल्परला विभाजनाचा नमुना देता येतो, आणि भारतीय पद्धतीचा नमुना रेल्सच्या दस्तऐवजातच उदाहरण म्हणून दिलेला आहे.


दूधसागर (सांगे)

खाजन, वाळपई-वास्कोचे उदाहरण मी उद्यापासून प्रत्येक नव्या ॲपच्या टेस्टमध्ये घालणार आहे.

मूळ विषयाशी जोडलेली आणखी एक बाब मांडतो. आपण सारे ज्या पायावर उभे आहोत त्या रूबीजेम्स आणि बंडलर (जेम मिळवून बसवणारी साधने) यांच्या कारभारात २०२५ साली मोठी उलथापालथ झाली. सप्टेंबरमध्ये रूबी सेंट्रल या संस्थेने या दोन्हींच्या गिटहब खात्याचे नियंत्रण स्वतःकडे घेतले आणि वर्षानुवर्षे देखभाल करणाऱ्यांचे अधिकार गेले. त्यांच्यातील काहींनी ऑक्टोबरमध्ये जेम डॉट कोऑप हा पर्यायी सर्व्हर सुरू केला. त्याच महिन्यात रूबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांनी जाहीर केले की रूबीजेम्स आणि बंडलर यांच्या कोडची देखभाल यापुढे रूबीचा कोअर चमू करील; जेम पुरवणारी सेवा मात्र रूबी सेंट्रलच चालवते. कोण बरोबर आणि कोण चूक यावर इथे वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या कोडवर ग्राहकाच्या ठेवी अवलंबून आहेत तो कोणाच्या हातून येतो आणि वाटेत बदलला गेला नाही ना, हे तपासण्याची सवय मात्र लागली पाहिजे. बंडलर २.६ पासून जेमफाइल लॉकमध्ये प्रत्येक जेमचा चेकसम (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) नोंदवता येतो. एकदा आज्ञा चालवून ते चेकसम भरून ठेवावेत, पुढे एखादा जेम त्याच आवृत्तीच्या नावाखाली निराळ्या मजकुराचा आला तर इन्स्टॉल तिथेच थांबते. कोडमधील सुरक्षादोष शोधणारे ब्रेकमन रेल्स ७.२ पासून नव्या ॲपमध्ये येतेच. रेल्स ८.१ मध्ये जेममधील ज्ञात दोष तपासणारे बंडलर ऑडिटही आले आहे आणि या सगळ्या तपासण्या आपल्याच लॅपटॉपवर एका आज्ञेत चालवता येतात.


सुरंगी (म्हापसा)

मांडवीतीर यांनी एसक्यूलाइटविषयी मुद्दाम विचारले आहे म्हणून लिहिते. माझ्याकडे दोन होमस्टे आणि एका सांस्कृतिक मंडळाचे ॲप एसक्यूलाइटवर चालू आहे आणि वेगाबद्दल कोणाचीही तक्रार नाही. रेल्स ७.१ पासून एसक्यूलाइट वॅल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या नोंदफाइलमध्ये लिहून) चालते, त्यामुळे एक जण लिहीत असताना बाकीच्यांचे वाचन अडत नाही. एका वेळी लिहिणारा मात्र एकच असतो, म्हणून ट्रान्झॅक्शनच्या आत पेमेंट गेटवेला विचारणा करणे, पीडीएफ तयार करणे असली वेळखाऊ कामे कधीही करू नयेत. लिहिण्याचे कुलूप तेवढा वेळ अडून राहते आणि इतर आरक्षणे ताटकळतात.

कमलने चढवताना डेटाबेसची फाइल कंटेनरच्या बाहेरच्या कायमस्वरूपी व्हॉल्यूममध्ये आहे याची खात्री करावी. रेल्स ८ ने तयार केलेल्या डिप्लॉयच्या फाइलमध्ये ती ओळ असते, पण जुन्या ॲपमध्ये हाताने फाइल लिहिणाऱ्यांकडून ती राहू शकते, आणि मग पुढच्या डिप्लॉयनंतर ॲप अगदी व्यवस्थित उघडते, फक्त आत एकही नोंद नसते. डिप्लॉयच्या वेळी काही क्षण जुना आणि नवा असे दोन्ही कंटेनर त्याच फाइलवर काम करतात, म्हणून स्तंभ काढून टाकणारे मायग्रेशन आणि त्या स्तंभाचा वापर थांबवणारा कोड एकाच डिप्लॉयमध्ये पाठवू नये. आधी वापर थांबवावा, मग पुढच्या वेळी स्तंभ काढावा.

बॅकअपबद्दल तर मी हात जोडून सांगते की चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करणे म्हणजे बॅकअप नव्हे. वॅल पद्धतीत ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, आणि मध्येच घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरावी किंवा व्हॅक्यूम इन्टूने नवी फाइल काढावी. त्याहून उत्तम म्हणजे लाइटस्ट्रीम चालू ठेवावे, जे बदल घडतील तसे ऑब्जेक्ट स्टोरेजवर (दूरच्या फाइलसाठ्यावर) पाठवत राहते. आमच्याकडे जून-जुलैमध्ये झाड पडून वीज आणि ब्रॉडबँड दोन्ही एकदम जाणे नवे नाही, म्हणून सर्व्हर कार्यालयाच्या खोलीत ठेवू नये, भाड्याने डेटा सेंटरमध्ये घ्यावा आणि बॅकअप त्या डेटा सेंटरच्याही बाहेर असावा. दर महिन्याला तो बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवून ॲप चालू करून पाहावे, शेवटचे आरक्षण दिसते का ते बघावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. ग्राहक ‘किती वेळात पूर्ववत होईल’ असे विचारतो तेव्हा तोच आकडा सांगता येतो.


अबोली (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. रूबी २.७ वर आले असून सूचना चालू केल्या आहेत, त्यांची यादी बरीच मोठी निघाली. आमच्या वर्गातील बहुतेक जण जावास्क्रिप्ट आणि पायथॉनकडेच वळलेले आहेत. गोव्यात राहून रूबीवर पोट भरेल का, असे घरी विचारतात, म्हणून इथे स्पष्टपणे विचारत आहे.


मांडवीतीर (पर्वरी)

अबोली, घरच्यांची काळजी योग्य आहे आणि तिला सरळ उत्तर दिले पाहिजे. गोव्यातील स्थानिक नोकऱ्यांच्या जाहिरातींत रूबी क्वचितच दिसेल. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांची घरून करायची कामे आणि इथल्या लहान ग्राहकांची थेट कामे, असे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींत जुने ॲप सुरक्षितपणे नव्या आवृत्तीवर आणता येणाऱ्या माणसाला मागणी आहे. तू आत्ता नेमके तेच शिकत आहेस. शॉपिफाय आणि गिटहब यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या रेल्सवर चालतात. वायजेआयटी शॉपिफायच्याच चमूने घडवले, आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी आलेल्या रूबी ४.० मध्ये त्याच दिशेचे पुढचे पाऊल म्हणून झेडजेआयटी आले आहे. ते अजून प्रयोगाच्या अवस्थेत असल्याने ग्राहकाच्या कामात वायजेआयटीच ठेवावे. तीस वर्षांच्या भाषेत अशा पायाभूत स्तरावर काम चालू आहे, याचा अर्थ ती सोडून देण्याच्या यादीत नाही.

रूबीची माणसे गोव्याला अनोळखी नाहीत. रूबीकॉन्फ इंडिया ही परिषद २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे गोव्यात भरली होती. तेव्हा बाहेरून माणसे इथे येऊन शिकून गेली. आता इथल्याच चार-सहा जणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे अशी माझी फार इच्छा आहे. पणजीत पाट्टोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय उत्तर आणि दक्षिण दोन्ही बाजूंच्या बसला सोयीचे आहे. तिथे बसायची परवानगी मिळते का, हे मी विचारतो. पहिल्या बैठकीला एकच काम घेऊ: खाजन यांनी सांगितलेले मराठीचे सारे नियम, म्हणजे ऱ्य चे रूपांतर, ळ चा क्रम, तोडलेला मजकूर, बाइटची मर्यादा आणि लाखांचे विराम, एका छोट्या जेममध्ये टेस्टसह बसवणे.


खाजन (दिवाडी)

मी येतो. ऱ्य चे रूपांतर करणारा कोड माझ्याकडे तयार आहे, तो आधीच गिटहबवर टाकून ठेवतो. टेस्टसाठी गोव्यातील गावांच्या नावांची देवनागरी यादी लागेल. डिचोली, साखळी, केळशी, काणकोण, कुंकळ्ळी, लोटली, वाळपई, वास्को अशी, ज्यांत ळ, ल, ण आणि जोडाक्षरे सगळी येतात, ती मी सुरू केली आहे. आपापल्या तालुक्यातील नावे प्रत्येकाने इथेच खाली लिहावीत, शक्य असल्यास ज्या कळफलकावर लिहिली त्याच्या नावासह.